चौकोन दिसतोय? फॉन्ट बसवा!

झेड-शेलसाठी पॉवरलेव्हल१०के नावाची एक थीम आहे. ती पहिल्यांदा सुरू केली की पडद्यावर एक चिन्ह येतं आणि खाली प्रश्न येतो: हे तिरक्या चौकोनासारखं, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखं दिसतंय का? हो किंवा नाही सांगा. मग पुढचं चिन्ह: हे कुलूप दिसतंय का? मग डेबियनच्या खुणेसारखं गोल वळसा घेणारं चिन्ह दिसतं का? त्यानंतर काही चित्रं फुल्यांच्या मध्ये ठेवून विचारतात, सगळी नीट मावली का, की एकमेकांवर चढली?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जसं अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवतात, तसंच हे. तपासणी मात्र तुमच्या फॉन्टची असते.

एवढा हुशार प्रोग्राम माणसाला का विचारतो? कारण त्याला दुसरा मार्ग नाही. टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम पडद्यावर चित्र पाठवत नाही, तो फक्त एक क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं चित्र टर्मिनल आपल्या फॉन्टमधून काढतं. सापडलं तर कुलूप, नाही सापडलं तर रिकामा चौकोन. नक्की काय दिसलं, हे प्रोग्रामला कळवण्याची सोय या व्यवस्थेत नाही. निओव्हिम हा संपादक शिकणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या किकस्टार्ट या सेटिंग-फाइलमध्येही म्हणूनच वरच्या बाजूला एक ओळ असते: नर्ड फॉन्ट (अशी चित्रं भरलेला फॉन्ट) आहे का? ती ओळ 'फॉल्स' म्हणून येते. फॉन्ट बसवला की आपल्या हातानं तिथे 'ट्रू' लिहायचं.

या विषयातल्या जवळजवळ सगळ्या गमती याच एका गोष्टीतून निघतात. क्रमांक पाठवणाऱ्याकडे असतो आणि चित्र बघणाऱ्याच्या यंत्रात असतं.

६,४०० मोकळे प्लॉट

युनिकोडनं जगातल्या लिप्यांना क्रमांक वाटले. १६.० या २०२४ च्या आवृत्तीत १,५४,९९८ अक्षरं-चिन्हं होती. आपल्या देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात १२८ जागा आहेत. पण वाटप करताना युनिकोडनं काही जमीन मुद्दाम कोणालाच दिली नाही. ई००० पासून एफ८एफएफपर्यंत ६,४०० क्रमांक मोकळे आहेत, आणि तिथे कधीही अधिकृत अक्षर येणार नाही अशी हमी आहे. या पट्ट्याचं नाव प्रायव्हेट यूज एरिया. कोणीही या, हवं ते मांडा. फक्त शेजाऱ्यानं त्याच जागी दुसरं काही मांडलं तर तक्रार करायची नाही.

आणि मांडलंच! या पट्ट्याचा शेवटचा क्रमांक एफ८एफएफ. ॲपलच्या फॉन्टमध्ये तिथे एक घास चावलेलं सफरचंद आहे. लिनक्स कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात त्याच क्रमांकावर क्लिंगॉन साम्राज्याचं चिन्ह आहे. क्लिंगॉन म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची भाषा, मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं रचलेली. कर्नलचा तो दस्तऐवज अभिमानानं सांगतो की १९९६ मध्ये क्लिंगॉनला आधार देणारी लिनक्स ही जगातली पहिली ऑपरेटिंग सिस्टीम होती. पुढे या लिपीला युनिकोडमध्ये अधिकृत जागा द्यावी असा प्रस्ताव गेला आणि तो फेटाळला गेला. म्हणून क्लिंगॉन अजून या मोकळ्या पट्ट्यातच राहते.

आता प्रोग्रामरच्या रोजच्या ओळखीचं चिन्ह घेऊ. गिटची शाखा दाखवणारी ती फांदी फुटलेली खूण ई०ए० या क्रमांकावर बसते. हौशी मंडळींनी कल्पित लिप्यांसाठी या पट्ट्याची एक खाजगी नोंदवही केली आहे, कॉनस्क्रिप्ट युनिकोड रजिस्ट्री नावाची. तिच्यात ई०८० ते ई०एफएफ हा तुकडा टॉल्किनच्या किर्थ लिपीला दिलेला आहे. म्हणजे तुमच्या प्रॉम्प्टमध्ये 'मेन' या शाखेच्या आधी जी खूण येते, त्या जागी टॉल्किनभक्ताच्या यंत्रावर बुटक्यांच्या खाणीत कोरायचं अक्षर उमटू शकतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

त्रिकोणाचं बिऱ्हाड

टर्मिनलमधली चित्रांची फॅशन एका त्रिकोणानं आणली. व्हिम या संपादकाच्या तळाशी असलेली राखाडी स्थितीपट्टी पॉवरलाइन या प्लगइननं बाणांच्या टोकांनी जोडलेल्या रंगीत पट्ट्यांची केली. एका पट्टीचा रंग संपतो तिथे भरीव त्रिकोण येतो आणि पुढचा रंग सुरू होतो. वक्राकार बटण नाही, ग्राफिक्स नाही, साधं एक 'अक्षर'! पुढच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर मागच्या रंगात तो त्रिकोण छापला की काम झालं. इतक्या साध्या युक्तीतून इतकी देखणी गोष्ट निघालेली मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

सुरुवातीला मात्र हे त्रिकोण मोकळ्या पट्ट्यात नव्हतेच. ते २बी८० च्या आसपास, युनिकोडच्या बाणांच्या विभागातल्या रिकाम्या जागांवर बसवले होते. त्या जागा तेव्हा रिकाम्या होत्या, पण मोकळ्या नव्हत्या. त्या उद्यासाठी राखलेल्या होत्या. २०१२ मध्ये पॉवरलाइननं आपलं बिऱ्हाड ई०ए० आणि ई०बी० या मोकळ्या भागात हलवलं, आणि ते वेळेवर झालं. २०१४ मध्ये युनिकोड ७.० आलं आणि त्या जुन्या जागांवर खरेखुरे अधिकृत बाण येऊन बसले. आजही एखादी फार जुनी सेटिंग-फाइल उतरवून घेतली तर त्रिकोणाऐवजी उलटसुलट जोडबाण दिसतात, त्याचं कारण हेच. ॲग्नोस्टर या प्रसिद्ध थीमच्या कोडमध्ये तर या स्थलांतराची टीप अजून लिहिलेली आहे, कारण लोक 'हे अक्षर चुकलंय' म्हणून पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला जात.

दहा हजार चित्रं

त्रिकोणांवर लोकांचं समाधान झालं नाही. फाइलच्या नावाआधी भाषेचं चिन्ह हवं, फोल्डरला फोल्डर हवा, बॅटरी हवी, पाऊस पडतोय का तेही हवं. रायन मॅकिंटायर यांच्या नर्ड फॉन्ट्स प्रकल्पानं ही सगळी चित्रं एका ठिकाणी गोळा केली. वेबसाइटवाल्यांचं फॉन्ट ऑसम, गिटहबचे ऑक्टिकॉन्स, व्हीएस कोडचे कोडिकॉन्स, मटेरियल डिझाइनची प्रचंड यादी, लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांच्या खुणा, हवामानाची चित्रं. एकूण दहा हजारांच्या वर. आणि साठाहून जास्त फॉन्ट-कुटुंबांमध्ये ती आधीच भरून ठेवलेली मिळतात.

पॉमिकॉन्स नावाचा संच केवळ पोमोडोरो पद्धतीनं पंचवीस-पंचवीस मिनिटं काम करणाऱ्यांसाठी आहे. टोमॅटोचं घड्याळ, छोटी-मोठी विश्रांती, सगळं. आणि पॉवरलाइनचे जादा तुकडे पाहा: पट्टीच्या टोकाला त्रिकोणाऐवजी ज्वाळा, विरघळत जाणारे पिक्सेल, बर्फाचे सुळके, मधमाश्यांचं पोळं, लेगोच्या ठोकळ्याची गाठ. गंभीर सर्व्हरवर काम करणाऱ्या माणसाच्या प्रॉम्प्टला ज्वाळा लागलेल्या असू शकतात, आणि त्यासाठी अधिकृत तरतूद आहे!

फॉन्टमध्ये चित्रं भरण्याचं काम एक पायथन स्क्रिप्ट करते आणि ती फॉन्टफोर्ज या मुक्त संपादकाच्या जोरावर चालते. फॉन्टफोर्ज हे जॉर्ज विल्यम्स यांनी सुरू केलेलं काम, आधीचं नाव पीएफएएडिट. तुमचा आवडता फॉन्ट यादीत नसेल तर ही स्क्रिप्ट घरी चालवून तो स्वतः भरता येतो. एका ट्रूटाइप फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ आकार मावतात, त्यामुळे दहा हजार पाहुणे आले तरी जागा पुरते. युनिकोडची सगळी अक्षरं मात्र एका फॉन्टमध्ये कधीच मावणार नाहीत. गूगलचा नोटो कित्येक तुकड्यांत विभागलेला आहे त्यामागचं एक कारण हेच. नोटोच्या नावातच 'नो टोफू' आहे. चिन्ह नसताना दिसणाऱ्या त्या पांढऱ्या चौकोनाला मुद्रणवाले टोफू म्हणतात.

सॉस कोड प्रो? छपाईची चूक नाही

नर्ड फॉन्ट्सच्या यादीत ॲडोबचा 'सोर्स कोड प्रो' शोधायला जा. मिळणार नाही. मिळेल 'सॉस कोड प्रो'. मायक्रोसॉफ्टचा 'कॅस्केडिया कोड' शोधा, हाती येईल 'कॅस्केडिया कोव्ह', तेही नेहमीपेक्षा वेगळ्या स्पेलिंगचं. आयबीएमचा 'प्लेक्स मोनो' इथे 'ब्लेक्स मोनो' झालाय. 'लिबरेशन मोनो'चं 'लिटरेशन मोनो', 'टर्मिनस'चं 'टर्मिनेस', 'हॅस्क्लिग'चं 'हॅस्क्लग', 'शेअर टेक मोनो'चं 'शुअर टेक मोनो', 'मोनास्पेस'चं 'मोनास्पाइस'. सर्वांत झकास म्हणजे 'बिटस्ट्रीम व्हेरा', जो 'बिटस्ट्रॉम वेरा' होऊन बसलाय.

यामागे परवान्याची अट आहे. बरेचसे मुक्त फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. हे लायसन्स सांगतं: फॉन्ट वापरा, बदला, वाटा. पण मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देऊ नका. दहा हजार चित्रं घातली म्हणजे फॉन्ट बदललाच. म्हणून नाव बदललं, पण ऐकताच मूळ ओळखू यावं इतपतच. ही अट मला मनापासून पटते. मूळ अक्षरं घडवायला कोणीतरी वर्षं घातलेली असतात. दुसऱ्यानं केलेल्या फेरफाराचं श्रेय किंवा दोष त्याच्या नावावर जाऊ नये. हा परवाना बनवणारी एसआयएल संस्था जगभरच्या भाषांवर काम करते आणि तिचा स्वतःचा एक देवनागरी फॉन्टही आहे, नाव अन्नपूर्णा.

'हॅक', 'जेटब्रेन्स मोनो', 'फिरा कोड' मात्र आपल्या मूळ नावानंच सापडतात. आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच चित्रं घातलेला 'कॅस्केडिया कोड एनएफ' काढला. नाव त्यांचंच, तेव्हा बदलायचा प्रश्न नाही. आता एकाच फॉन्टच्या दोन चित्रमय आवृत्त्या आहेत, एक घरची आणि एक 'कोव्ह'वाली.

यादीतल्या आणखी एका नावाला वंशावळ आहे. पॉवरलेव्हल१०के जो फॉन्ट सुचवते तो 'मेस्लो'. मेस्लो हा ॲपलच्या 'मेन्लो'पासून झाला, मेन्लो हा 'बिटस्ट्रीम व्हेरा'पासून. मेस्लोच्या नावापुढची एलजी ही अक्षरं ओळींमधल्या अंतराची, आणि त्यापुढचं एस, एम किंवा एल म्हणजे ते अंतर कमी, मध्यम की जास्त. कपड्यांचं माप वाटतं, पण माप ओळींचं आहे.

मोठं स्थलांतर, २०२३

पॉवरलाइनला २०१२ मध्ये जे करावं लागलं तेच नर्ड फॉन्ट्सना पुढे मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. मटेरियल डिझाइनची चित्रं आधी एफ५०० पासून लावलेली होती आणि यादी लांबत लांबत एफडी४६ पर्यंत गेली. पण मोकळा पट्टा तर एफ८एफएफला संपतो! त्यापुढे चिनी, हिब्रू आणि अरबी अक्षररूपांच्या अधिकृत जागा आहेत. म्हणजे कोणाच्या टर्मिनलमध्ये अरबी मजकूर आला तर त्यात अचानक एखादं चित्र उगवायचं.

मे २०२३ मध्ये आवृत्ती ३ आली आणि हा सगळा कबिला उचलून युनिकोडच्या पंधराव्या पातळीवर नेला. तिथे ६५,५३४ जागांचा आणखी एक मोकळा पट्टा आहे, आणि सोळाव्यावर तेवढाच दुसरा. सुमारे सात हजार चित्रांना तिथे ऐसपैस जागा मिळाली. पण जगभरच्या लोकांच्या सेटिंग-फाइलींत जुने क्रमांक लिहिलेले होते. फॉन्ट नवा, क्रमांक जुना, की पुन्हा चौकोन. आजही एखादी जुनी सेटिंग उतरवून काही चित्रं दिसली आणि काही गायब असली, तर आधी हीच शंका घ्यावी. नावातला 'एमडीआय' हा जुना काळ आणि 'एमडी' हा नवा.

बसवायचं कसं

हे सोपं आहे. लिनक्सवर फॉन्टच्या फाइली आपल्या होम फोल्डरातल्या डॉट-लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या फॉन्ट्स या फोल्डरात टाका आणि एफसी-कॅश ही आज्ञा चालवा. मॅकवर फाइलवर दोनदा क्लिक करा, फॉन्ट बुक उघडेल. होमब्रूवाल्यांना एका ओळीत काम होतं. विंडोजवर उजवं बटण आणि इन्स्टॉल. अँड्रॉइडवर टर्मक्स वापरत असाल तर फॉन्टची फाइल डॉट-टर्मक्स फोल्डरात font या नावानं, टीटीएफ शेपटी लावून ठेवायची, बस्स.

बसवून झालं तरी काम अर्धंच झालं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फॉन्ट निवडावाही लागतो. व्हीएस कोडमध्ये तर संपादकाचा फॉन्ट वेगळा आणि आतल्या टर्मिनलचा वेगळा. दोन्हींकडे लक्ष द्यावं.

आता सगळ्यांत जास्त वेळ खाणारा घोळ. एखादा माणूस एसएसएचनं दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथे चौकोन दिसतात, म्हणून तो सर्व्हरवर फॉन्ट बसवतो. काहीच फरक पडत नाही. पुन्हा बसवतो, सर्व्हर रीस्टार्ट करतो, तरीही चौकोनच. कारण सर्व्हर फक्त क्रमांक पाठवतोय. चित्र काढणारं टर्मिनल तुमच्या टेबलावर आहे. फॉन्ट तिथे हवा. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलचंही तेच: आत उबुंटू चालत असला तरी खिडकी विंडोजची आहे, तेव्हा फॉन्टही विंडोजवर. डॉकरच्या कंटेनरमध्ये फॉन्ट बसवणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं.

डाउनलोड करताना झिपऐवजी टार-एक्सझेड निवडा, आकार खूपच लहान पडतो. आणि फॉन्ट बदलायचा नसेल, नुसती चित्रं हवी असतील, तर 'सिम्बॉल्स ओन्ली' नावाचा गठ्ठा वेगळा मिळतो. मूळ फॉन्टमध्ये जे नाही ते टर्मिनल तिथून उचलतं. मला हाच मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण आवडत्या अक्षरांना हात लागत नाही.

एक खण की दोन?

प्रत्येक फॉन्ट तीन तऱ्हांत का मिळतो? टर्मिनल म्हणजे सारख्या खणांचा तक्ता. इंग्रजी अक्षराला एक खण, चिनी अक्षराला दोन. पण मोकळ्या पट्ट्यातल्या चित्राला किती? युनिकोडच्या रुंदी-कोष्टकात त्यांच्यापुढे लिहिलंय 'संदिग्ध'. म्हणून तीन तोडगे. नावात 'मोनो' असेल तर चित्र एका खणात बसवलेलं, थोडं बारीक. नुसता 'नर्ड फॉन्ट' असेल तर चित्र मोठं, शेजारच्या खणात डोकावणारं, पुढे एक रिकामी जागा सोडावी अशी अपेक्षा. 'प्रोपो' म्हणजे चित्रं आपापल्या रुंदीची, ते टर्मिनलसाठी नाहीच. चित्रं कापलेली दिसत असतील तर मोनो घ्या. फार लहान वाटली तर साधा. फाइलींच्या नावात एनएफ, एनएफएम, एनएफपी अशी संक्षिप्त रूपं दिसतात, कारण विंडोजच्या जुन्या व्यवस्थेत फॉन्टच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा आहे आणि सगळं पूर्ण लिहिलं तर ती ओलांडते.

चित्रफॉन्टांचे पूर्वज

अक्षराच्या जागी चित्र ठेवायची कल्पना टर्मिनलवाल्यांची नाही. हर्मान झाफ यांचा 'झाफ डिंगबॅट्स' १९७८ चा. कात्र्या, हात, तारे, फुलं. १९९४ मध्ये 'रे गन' या संगीत-मासिकाचे कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सन यांना गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटली, तर त्यांनी ती अख्खी या फॉन्टमध्ये छापली. वाचकांसमोर पानभर नुसती चिन्हं! १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी 'कैरो' नावाचा चित्रफॉन्ट काढला. त्यात झेड दाबलं की एक प्राणी येई, जो कुत्रा की गाय हे कोणालाच ठरवता येईना. ॲपलमध्ये तो 'डॉगकाऊ' म्हणून गाजला.

आणि विंगडिंग्ज. क्रमांक एकीकडे, चित्र दुसरीकडे या व्यवस्थेचा सर्वांत जास्त लोकांना आलेला अनुभव म्हणजे ऑफिसच्या मेलमधलं ते एकटं 'जे'. पूर्वी आउटलुकमध्ये कोणी हसरा चेहरा टाइप केला की प्रोग्राम त्याच्या जागी विंगडिंग्ज फॉन्टमधलं जे हे अक्षर ठेवी, कारण तिथे हसरा चेहरा आहे. ज्याच्या यंत्रावर किंवा फोनवर विंगडिंग्ज नसे त्याला वाक्याच्या शेवटी नुसतं 'जे' दिसे. कित्येक जण ते साहेबांच्या सहीचं आद्याक्षर समजत राहिले. २०१४ मध्ये विंगडिंग्ज आणि वेबडिंग्जमधल्या चित्रांना युनिकोडमध्ये अधिकृत क्रमांक मिळाले.

असाच मान चालू-बंदच्या बटणावरच्या खुणेलाही मिळाला. प्रत्येक यंत्रावर असलेली ती खूण युनिकोडमध्ये नव्हती. ती २०१६ च्या ९.० आवृत्तीत आली. नर्ड फॉन्ट्समध्ये ती तिच्या अधिकृत क्रमांकावरच बसते. जिथे खरी जागा मिळाली तिथे खरीच वापरायची, हा शहाणपणा त्यांनी इथे दाखवला आहे.

आलेख काढायला मात्र टर्मिनलवाल्यांनी भलतीच लिपी हाताशी धरली: ब्रेल. एका खणात दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत चार ठिपके. आठ ठिपके चालू किंवा बंद, म्हणजे २५६ आकार, आणि ते सगळेच्या सगळे युनिकोडमध्ये आहेत. त्यामुळे प्रत्येक खणातून आठ ठिपक्यांचं चित्र काढता येतं. बीटॉपसारखा प्रोग्राम प्रोसेसरचा चढता-उतरता भार ज्या नाजूक रेषांनी दाखवतो, त्या म्हणजे ब्रेलची अक्षरं.

हे दुखणं आपल्या ओळखीचं

मराठीत संगणकावर काम केलेल्यांना हा चौकोन नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट हे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवून केलेले असत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे डीव्ही-टीटी सुरेख आणि योगेश, शिवाय शिवाजी, कृतिदेव. ज्या यंत्रावर तो फॉन्ट आहे तिथे सुरेख मराठी. नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा. निमंत्रणपत्रिकेची फाइल छापखान्यात नेताना सोबत फॉन्टचीही फाइल न्यावी लागे. क्रमांक प्रवास करतो, चित्र करत नाही. नियम तोच.

रुपयाच्या चिन्हाचंही तसंच झालं. डी. उदय कुमार यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन केलं. त्यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. पण फॉन्टात ते कुठे होतं? मंगळुरूच्या फोरेडियन कंपनीनं लगेच एक छोटा फॉन्ट काढला आणि कीबोर्डवरच्या एक या अंकाच्या डावीकडच्या कळीवर रुपया बसवला. लोकांनी तो भराभर उतरवला. पण असा मजकूर दुसऱ्याला पाठवला की त्याला रुपयाऐवजी त्या कळीवरची मूळ तिरकी खूणच दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० नं २०बी९ हा क्रमांक दिला आणि मग प्रश्न फक्त फॉन्ट अद्ययावत होण्याचा उरला.

जोडाक्षरांचं यंत्र

प्रोग्रामरांच्या फॉन्टमध्ये आणखी एक नवलाई असते. उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह एकापुढे एक लिहिलं की ती जुळून 'असमान'ची खूण होते, वजा आणि मोठेपणाची खूण मिळून एक सलग बाण होतो. निकिता प्रोकोपोव्ह यांचा 'फिरा कोड' यासाठीच प्रसिद्ध आहे. फाइलीत काही बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं. हे काम फॉन्टच्या आतलं जीसब नावाचं अदलाबदलीचं कोष्टक करतं.

क्ष आणि ज्ञ नेमकं तेच कोष्टक घडवतं! क, हलन्त आणि ष हे तीन क्रमांक आले की त्या जागी एकच आकार ठेव, असा नियम तिथे लिहिलेला असतो. ओपनटाइपच्या इंग्रजी मानकात या नियमांची नावं पाहा: अखंड, रेफ, रकार, नुक्ता. क्ष आणि ज्ञ ज्यात येतात त्या नियमाचं नाव अखंड. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेला फॉन्ट बनवणारा हे शब्द लिहितो. आपल्या 'दऱ्या' आणि 'सुऱ्या'तल्या चंद्रकोरीसारख्या रफारासाठीही युनिकोडमध्ये ०९३१ हा ऱ स्वतंत्र ठेवलेला आहे, आणि तो हलन्ताशी जुळला की फॉन्ट तो आकार काढून देतो.

दुर्दैव असं की बाण जोडून दाखवणारी टर्मिनलंही मराठीपुढे अडखळतात. एक अक्षर एक खण या हिशेबात 'क्षि' बसत नाही: क्रमांक चार, दिसणारं अक्षर एक, आणि शेवटी लिहिलेली ऱ्हस्व वेलांटी सगळ्यांच्या आधी काढायची. किती खण मोजायचे यावर टर्मिनलांचं एकमत नाही, त्यामुळे कर्सर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. गिटच्या फांदीसाठी दहा हजार चित्रांची सोय झाली आहे. कोट्यवधी लोकांच्या लिपीसाठी खणांचा हिशेब अजून जुळायचा आहे. हे काम व्हायलाच हवं.

फॉन्टशिवायची चित्रं

काही टर्मिनलांनी आता फॉन्टची वाट पाहणंच सोडलंय. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणारे भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांचं 'किटी' हे टर्मिनल घ्या. पॉवरलाइनचे त्रिकोण आणि चौकटींच्या रेषा ते फॉन्टमधून न घेता स्वतः आखतं, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये केसाएवढीही फट राहत नाही. नर्ड फॉन्टची चिन्हंही त्याच्या पोटातच येतात. वेझटर्म आणि घोस्टी या टर्मिनलांचंही तसंच. यातलं कुठलंही वापरणाऱ्यानं काहीही बसवलं नाही तरी कुलूप कुलूपच दिसतं.

एक जागा मात्र कोणत्याही फॉन्टला दाद देत नाही. लिनक्सचा तो काळा कन्सोल, जो ग्राफिकल पडदा सुरू होण्याआधी दिसतो. त्याच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकार मावतात. जुन्या व्हीजीए पद्धतीत तर २५६ च्या पुढे गेलं की रंगाचा एक बिट खर्ची पडतो आणि ठळक रंग हातचे जातात. तिथे दहा हजार चित्रांचा विषयच नाही. म्हणून प्रॉम्प्टच्या सेटिंगमध्ये एक अट घालून ठेवा: टर्म या चलाची किंमत 'लिनक्स' असेल तर चित्रं बंद, साधी अक्षरं चालू. मध्यरात्री बंद पडलेल्या यंत्रासमोर बसून कन्सोलवरच काम करायची वेळ येते, तेव्हा ओळीच्या सुरुवातीला चौकोन नकोत, फोल्डरचं नाव हवं.